शापाची नदी आणि देवाची नदी

आमच्या नदीला दोन नावं आहेत. वरून येते ती भीमा. पंढरपुराजवळ ती चंद्रकोरीसारखी वळण घेते, म्हणून तिथं ती चंद्रभागा. माझी जमीन पंढरपूरच्या वरच्या अंगाला, मळईची. त्यामुळं मी निम्मा भीमेचा आणि निम्मा चंद्रभागेचा. आमच्या घरात माळ आहे, वारी आहे. नदीला पाय लावायच्या आधी तिच्या पाण्याचं बोट कपाळाला लावायचं, ही आईची शिकवण. दहावीपर्यंत शिकलो, मग शेती. पुस्तकं नंतर वाचली, मिळतील तशी.

भीमेचा प्रवास मोठा. भीमाशंकरच्या डोंगरात निघते आणि कर्नाटकात कृष्णेला मिळते. एकूण ८६१ किलोमीटर. देहू-आळंदीची इंद्रायणी तिला तुळापूरला भेटते, पुण्याची मुळा-मुठा पुढं भेटते, नीरा नरसिंहपूरला येऊन मिळते. मला नेहमी गंमत वाटते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या खांद्यावरून आणि रथातून चालत येतात, पण त्यांच्या अंगणातली इंद्रायणी कुणी न नेता आपली आपण पंढरपूरला येते. तिची वारी बारा महिन्यांची. तिच्याबरोबर काय काय वाहून येतं, ते मात्र आता सांगण्यासारखं राहिलेलं नाही.

माझ्या लहानपणी, म्हणजे उजनी धरण व्हायच्या आधी, नदीत काय होतं ते सांगतो. वांब होती, मरळ होती, शिवडा होता. शिवडा एवढा मोठा, की काठीला अडकवून दोघं जण न्यायचे. आम्ही माळकरी, खात नव्हतो. पण कोळ्यांच्या पोरांबरोबर बघायला जायचो. पाणमांजरं होती. जुनी माणसं त्यांना हुद म्हणायची. चार-पाच जणांचं टोळकं पहाटे डोहात शिट्टी मारल्यासारखं ओरडत जायचं. आणि कासवं होती, मऊ पाठीची, परातीएवढी. दुपारी वाळूवर ऊन खात बसायची आणि पाऊल वाजलं की सुळकन पाण्यात. या कासवाची दखल आता जगानं घेतली आहे. २०२२ साली पनामाला जी मोठी परिषद झाली, तिथं भारताच्या मागणीवरून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करणाऱ्या सगळ्यात कडक यादीत त्याचं नाव गेलं. दक्षिणेकडच्या नद्यांतलं हे कासव, आमच्या कृष्णा-भीमेचंही. आमच्याकडं देवळात गेलं की आधी दगडाच्या कासवाला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मग आत जायचं. दगडाचं कासव अजून प्रत्येक देवळात आहे. नदीतलं जितं कासव माझ्या नातवानं एकदाही बघितलेलं नाही.

आता चंबळची गोष्ट सांगतो, कारण हे सगळं माझ्या डोक्यात तिथं जुळलं.

काही वर्षांमागं आम्ही गावातली वीस-बावीस माणसं मथुरा-वृंदावनला गेलो. सोलापुरातनं दिल्लीच्या गाडीला बसलं की ग्वाल्हेर, मुरैना, धौलपूर करत गाडी आग्र्याला जाते. मुरैना आणि धौलपूरच्या मध्ये चंबळचा पूल लागतो. खाली बघितलं आणि मी उठून दारातच गेलो. पाणी हिरवं-निळं, तळ दिसावा असं. दोन्ही अंगाला पांढरी वाळू, मैलभर, आणि त्या वाळूवर एक चाकाचा माग नाही. येताना एक दिवस काढून आम्ही चौघं तिथं गेलो आणि होडीत बसलो. वाळूवर सुसरी पडल्या होत्या, लांब चिंचोळ्या तोंडाच्या, ज्यांना तिकडं घडियाल म्हणतात. नराच्या नाकावर घड्यासारखी गाठ असते, म्हणून ते नाव. त्यांच्या शेजारीच कासवं एकावर एक चढून बसलेली. पाण्याला चोच लावून, पाणी कापत जाणारा पाणचिरा पक्षी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

होडीवाला म्हातारा बोलका होता. मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, की बाबा, तुमची नदी एवढी स्वच्छ कशी? तो म्हणाला, ही शापाची नदी आहे. रंतिदेव राजानं यज्ञात इतकी जनावरं मारली, की त्यांच्या कातड्यातून वाहिलेल्या रक्ताची ही नदी झाली, म्हणून हिचं जुनं नाव चर्मण्वती. कुणी सांगतात, द्रौपदीचाही शाप आहे. म्हणून गंगा-यमुनेसारखी हिच्या काठाला तीर्थं झाली नाहीत, मेळे भरले नाहीत. त्यात काठाच्या घळींत डाकू. मग कारखानाही आला नाही आणि शहरंही लांबच राहिली. १९७९ साली सरकारनं या नदीचा चारशे किलोमीटरच्या आसपासचा पट्टा अभयारण्य केला. राजस्थान, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश, अशा तीन राज्यांतून तो जातो. त्याआधी घडियाल संपतच आले होते. अंडी गोळा करून, पिल्लं वाढवून त्यांना नदीत सोडलं, म्हणून ते टिकले. आज जगातले सगळ्यात जास्त घडियाल या एका नदीत आहेत.

मी पंढरपूरचा माणूस. शापाची नदी स्वच्छ आणि देवाची नदी अशी का, हा प्रश्न मी परतीच्या गाडीत मनाला लावून घेतला. शापाला माणूस भितो, म्हणून लांब राहतो. देवाला भीत नाही, त्याच्याशी लाडीगोडी करतो. चंद्रभागा आई आहे, आणि आई सगळं पोटात घेते असं आपणच ठरवून टाकलं. मग तिच्यात कपडे टाकले, निर्माल्य टाकलं, सांडपाणी सोडलं. आषाढीला लाखो माणसं वाळवंटात उतरायची आणि सगळे विधी तिथंच व्हायचे. शेवटी हायकोर्टाला सांगावं लागलं, की वाळवंटात तंबू-राहुट्या टाकू नका. नदीपलीकडं ६५ एकरात वारकऱ्यांची सोय झाली. २०१६ साली सरकारनं 'नमामि चंद्रभागा'ची घोषणा केली. काही फरक पडला, हे मी नाकारत नाही. पण या सगळ्यात विचार माणसाच्या आंघोळीचा होता. नदीत माणसाशिवाय आणखी कुणी राहतं, हे कुठल्या कागदावर आलेलं मी वाचलं नाही.

देवाच्या नावानं नदी राखली जातच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे म्हणून गाव आहे. तिथं महादेवाच्या देवळाखालच्या डोहात हातभर लांबीचे मासे आहेत, देवाचे म्हणून कुणी मारत नाही. महाडकडं वाळणकोंडीला देवीच्या डोहात तसंच. नदी पुढं-मागं कशीही असो, तेवढ्या डोहात मासा सुरक्षित. कारण तिथं देवानं, म्हणजे जुन्या शहाण्या माणसांनी, एक साधा नियम घालून दिला आहे, की इथला मासा मारायचा नाही. आमच्या चंद्रभागेला आरती आहे, पण असा नियम नाही.

आमच्या भीमेला सरकारी राखण फक्त डोक्याशी आहे. भीमाशंकरचं जंगल १९८५ साली अभयारण्य झालं, १३० चौरस किलोमीटरचं, शेकरूसाठी. तिथून खाली उतरली की नदी पोरकी. मध्ये उजनीला मात्र एक वेगळंच घडलं. १९८० साली धरण पुरं झालं, गावं बुडाली, माणसं उठली. ते दुःख मोठं आहे आणि ते कुठल्याही पक्ष्यानं भरून निघत नाही. पण त्या उथळ पाण्यावर भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी यायला लागले, हजारांनी. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस यायला लागले. भादलवाडीच्या झाडांवर चित्रबलाकांची वसाहत झाली. तिथल्या मच्छीमारांची पोरं आता होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात, दोन पैसे मिळवतात. म्हणजे जागा मिळाली की पाखरू येतं, त्याला आमंत्रण लागत नाही.

धरणाच्या खाली, आमच्याकडं, ती जागा म्हणजे वाळू.

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला पात्राच्या मधोमध वाळूचं एक बेट आहे. तिथं फाल्गुनापासून पांढऱ्या-करड्या अंगाची, पिवळ्या चोचीची, दुभंगलेल्या शेपटीची पाखरं अंडी घालतात. आम्ही त्यांना नुसतं पाणपाखरू म्हणायचो. नदी सुरय हे नाव पुस्तकात सापडलं. घरटं म्हणजे वाळूत टाचेनं केल्यासारखा खळगा. त्यात दोन-तीन अंडी, वाळूच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. जवळ गेलं तरी दिसत नाहीत. पायाखाली आल्यावरच कळतं. त्याच बेटावर कंठेरी चिखल्या आणि टिटवी. चैत्रातल्या उन्हात वाळूवर हात ठेववत नाही. तेव्हा टिटवी पाण्यात जाऊन पोट भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यावर बसते. हे मी डोळ्यानं बघितलं आहे, एका दुपारी कितीतरी वेळा.

आमचे आबा, म्हणजे माझे चुलते, टिटवीवरून पाऊस सांगायचे. पात्रात खोलगट जागी अंडी घातली तर पाऊस लांबणार, उंचावर घातली तर लवकर आणि जोराचा. पंचांगापेक्षा त्यांचा टिटवीवर भरवसा. आता तो हिशोब मोडला. कारण नदीला पूर आता ढगातनं येत नाही, उजनीच्या दारातनं येतो. सोलापूर शहराला प्यायला म्हणून भर उन्हाळ्यात नदीतनं पाणी सोडतात. ते आमच्या गावावरून खाली औजच्या बंधाऱ्यापर्यंत जातं. एका रात्रीत पात्र भरतं. टिटवीला ढग कळतो, धरणाचं दार कळत नाही. सकाळी बेटाच्या जागी नुसतं पाणी, आणि वर पाखरांचा आकांत.

मी शेतकरी आहे, आणि तेच पाणी माझ्या मोटरीलाही लागतं हे लपवून ठेवत नाही. पाणी सुटलं की बंधाऱ्याला बर्गे आहेत की काढले, हे बघायला सगळ्यात आधी आम्हीच पळतो. उसाला चैत्र-वैशाखात एक पाणी चुकलं की वजन जातं. म्हणून पाणी सोडू नका, असं मी म्हणत नाही. सोलापूरला नळानं जास्त पाणी नेण्यासाठी समांतर जलवाहिनीचं काम घेतलं गेलं. नदीत पाणी सोडणं कमी झालं तर अंडी वाचतील, पण आमचे मळे आणि नदीतले डोह कोरडे पडतील, ही भीती आहेच. पाणी एकदम लोटण्याऐवजी हळूहळू वाढवता येतं. सोडायची तारीख आठ-पंधरा दिवस आधी गावाला कळवता येते. एवढं जरी झालं तरी पुष्कळ. ही मागणी आम्ही लेखी दिलेली आहे.

बेटाला पाण्यापेक्षा मोठा धोका वाळूवाल्यांचा. मधल्या काळात नदीकाठच्या गावागावांत वाळूनं माणसं बदलली. आधी गाढवं, मग ट्रॅक्टर, मग टिपर, मग रात्रीच्या यांत्रिक बोटी. आमच्या वरच्या एका गावात तीन-चार वर्षांत पात्र पार खरवडून काढलं. खाली काळी माती आणि खडक लागला. वाळू नदीचा ओलावा धरते. वर धार आटली तरी खाली वाळूत पाणी मुरलेलं असतं, आणि काठाच्या विहिरींना तेच पाझरतं. त्या गावात वाळू गेली आणि मागोमाग विहिरी गेल्या. माझ्या थोरल्या बहिणीचं ते सासर. दाजींची विहीर साठ वर्षं आटली नव्हती. आता फेब्रुवारीत तळ दिसतो, आणि बोअर पाडत पाडत भाचे कर्जात गेले. बहीण मला म्हणाली, "दादा, नदी डोळ्यापुढं हाय, पर घागर टँकरची." माझ्या डोक्यातनं ते वाक्य जात नाही.

मग आमच्या गावाचा नंबर आला. एक ठेकेदार गावात फिरायला लागला. देवळाला कळस देतो, शाळेला खोली देतो, म्हणाला. माझा पुतण्याच त्याच्या बाजूनं उभा राहिला. पुतण्या वाईट नाही. पोरीचं लग्न तोंडावर होतं आणि उसाचं बिल थकलेलं. तो माझ्याकडं आला, म्हणाला, "तात्या, पाखरासाठी गाव उपाशी ठेवायचं का? आन् उद्या अभयारण्य म्हणून पाटी लावली तर मोटरी काढाया लावत्याल. नान्नजचं इसरला का?"

नान्नजचं मी विसरलो नव्हतो. आमच्याच जिल्ह्यात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. हद्द कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यात गावं, शेतं, सगळं. लोकांना स्वतःची जमीन विकता येईना, घेता येईना. माळढोकाचं नाव काढलं की माणसं चिडायला लागली. पुढं सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन हद्द पुष्कळ कमी झाली, तोवर पक्षीच बोटावर मोजण्याइतका उरला. लोकांना शत्रू करून पाखरू वाचत नाही. चंबळलाही वाळूची चोरी पुरती थांबलेली नाही, अभयारण्य असून. पाटी लावून रात्रीचा टिपर अडत नाही. त्याला गाव आडवं उभं राहावं लागतं.

म्हणून मी पुतण्याला पाखराचं काही सांगितलंच नाही. त्याला घेऊन बहिणीच्या गावाला गेलो. दाजींची विहीर दाखवली. नंतर आमच्या बेटावर आणून दोन हात वाळू उकरली. खाली पाणी लागलं, स्वच्छ, गार. म्हणलं, "ज्या जागी पाखरू अंडं घालतंय, तिथं वाळू शिल्लक हाय. वाळू हाय तवर तुझ्या हिरीला पाणी हाय. पाखरू म्हंजी आपल्या पाण्याचा पहारेकरी. ते ज्या वर्षी यायचं बंद व्हईल, त्या वर्षी तू जमीन इकून मोकळा हो."

तो काही बोलला नाही. पण ग्रामसभेत ठेकेदाराच्या बाजूनं हात वर केला नाही. ठराव झाला. गावच्या हद्दीतल्या पात्रातली वाळू लिलावाला द्यायची नाही. फाल्गुन ते ज्येष्ठ बेटावर मेंढरं न्यायची नाहीत, कुत्री सोडायची नाहीत, कलिंगडाचे वाफे बेटापासून लांब. आमच्या कोळी बांधवांनी आपणहून एक कलम घालायला लावलं, ते मला सगळ्यात आवडलं. कासव जाळ्यात आलं तर जितं सोडायचं. ठरावात कुठं अभयारण्य हा शब्द नाही. धनगर, कोळी, माळकरी, सगळ्यांचे अंगठे-सह्या आहेत. पंधरा-वीस पोरांनी रात्रीच्या पाळ्या लावल्या. दोनदा शिवीगाळ झाली, एकदा एका पोराची मोटारसायकल फोडली. तरी टिपर परत गेला.

पहिल्या वर्षी बेटावर दहा-बारा घरटी होती. पिल्लं फुटायच्या आत उन्हाळी आवर्तन सुटलं आणि सगळं गेलं. पोरं हिरमुसली. एक जण म्हणाला, एवढं जागून काय मिळवलं? दुसऱ्या वर्षी पाखरं जरा लवकर बसली आणि पाणी जरा उशिरा आलं. वाळूच्याच रंगाची पिल्लं आईच्या मागं तुरुतुरु पळताना पोरांनी मोबाईलवर टिपली, आणि तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक घरात फिरला. पुतण्यानं तो मला दाखवला, मी आधी चार वेळा बघितला होता हे त्याला सांगितलं नाही. काठच्या विहिरींचं पाणी मे अखेरपर्यंत टिकलं. ते सगळ्यांनाच दिसलं, ते कुणाला दाखवावं लागलं नाही.

पाणमांजर परत आलेलं नाही. ऊद म्हणा, हुद म्हणा, त्याला डोह लागतो, मासा लागतो, काठाला झाडी लागते. नदीत आता चिलापीच जास्त, वरून शहरांचं पाणी आणि जलपर्णी. एका गावाच्या ठरावानं ते सुधारणार नाही. पुण्यापासून औजपर्यंतच्या गावांनी आणि शहरांनी आपापल्या हद्दीत हात घातला तरच काही होईल. पण प्रत्येक गावाला आपल्या हद्दीतलं एक बेट, एक डोह राखता येईल, हे मी स्वतः बघितलेलं सांगतो.

यंदा ग्रामपंचायतीची निवडणूक आहे. तोच ठेकेदार परत दिसायला लागला आहे, या वेळी कळसाबरोबर सभामंडपही देतो म्हणतो. ठराव बदलायचा झाला तर ग्रामसभेतच बदलावा लागेल. पुतण्यानं त्या दिवशी कारखान्याची फेरी रद्द केली आहे. सभा सकाळी दहाला आहे. मी साडेनऊलाच जाऊन पुढच्या सतरंजीवर बसणार आहे.